कामावर माणूस जखमी झाला तर पैसे कोण देणार? मालकाची भरपाईची जबाबदारी आणि विमा, सोप्या भाषेत

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यानंतर चर्चा रंगली ती पगाराच्या नव्या व्याख्येची, ग्रॅच्युइटीची आणि महिनाअखेरीस हातात किती पडणार याची. पण यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक प्रकरण असं आहे, ज्याच्याकडे छोट्या मालकांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. कामावर असताना एखादा माणूस जखमी झाला, कायमचा अधू झाला किंवा गेला, तर त्याची भरपाई कोणी, किती आणि किती दिवसांत द्यायची, हे त्या प्रकरणात आहे.

यातले बहुतेक नियम नवे नाहीत. शंभर वर्षांपासून आपल्याकडे लागू असलेला १९२३ चा नुकसानभरपाई कायदाच थोड्याफार बदलांसह संहितेत आला आहे. तरीही चार-पाच माणसं घेऊन फॅब्रिकेशनची शेड चालवणारा, दोन ट्रकचा मालक किंवा स्लॅबची कामं घेणारा ठेकेदार यांच्याशी बोललं, तर एकच उत्तर मिळतं: "हे कायदे मोठ्या कंपन्यांसाठी असतात." तसं नाही. मोठ्या कंपनीला अशी भरपाई पेलते. शेडवाल्याचं मात्र एका अपघातात होत्याचं नव्हतं होऊ शकतं, आणि जखमी माणसाच्या घरी तर त्याहून वाईट अवस्था होते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

## मूळ नियम काय आहे

कामगाराला कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. नियमाचा गाभा एवढाच आहे. मालकाचा निष्काळजीपणा होता का, हा प्रश्न इथे येतच नाही. मशीन चांगलं होतं, लायटिंग व्यवस्थित होतं, मालक दयाळू होता, तरी भरपाई द्यावी लागतेच.

हे ऐकून अन्याय वाटू शकतो, म्हणून यामागचा व्यवहार समजून घ्यायला हवा. हा कायदा नव्हता तेव्हा कामगाराला दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक सिद्ध करावी लागायची. ते जवळपास अशक्य होतं. साक्षीदार म्हणजे सोबतचे कामगार, आणि त्यांची भाकरी त्याच मालकाच्या हातात. वर मालकाचा वकील म्हणणार की चूक दुसऱ्या कामगाराची होती, किंवा धोका माहीत असूनही याने काम पत्करलं होतं. कारखाने वाढले तशी जखमी आणि निराधार माणसांची संख्या वाढली. मग जर्मनीने १८८४ मध्ये आणि ब्रिटनने १८९७ मध्ये वेगळा मार्ग काढला. कामगाराने चूक सिद्ध करायची गरज नाही, पण रक्कमही मनाला येईल तेवढी मागायची नाही. ती कायद्यातल्या सूत्रानेच ठरेल. कामगाराला खात्रीचे पैसे मिळाले आणि मालकाला खर्चाचा अंदाज. आपला कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला तो याच तत्त्वावर.

कोणाला हे संरक्षण आहे, याची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. कारखाने, बांधकाम, वाहतूक, वीज, खाणी, माल चढवणं-उतरवणं अशी ती बरीच लांब आहे. ट्रॅक्टरने किंवा इतर यंत्राने होणारी शेतीही त्यात आहे, हे आपल्याकडच्या बागायतदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. पूर्वी तात्पुरत्या, म्हणजे 'कॅज्युअल' कामगारांना वगळलेलं होतं. ती सवलत २००० सालच्या दुरुस्तीने गेली. त्यामुळे "तो कालच आला होता, मस्टरवर नावही चढवलं नव्हतं" हे आता उत्तर होत नाही.

## रक्कम किती? एक हिशेब मांडून पाहू

सूत्रात तीन गोष्टी येतात: महिन्याचा पगार, वय आणि नुकसान किती मोठं आहे. वयासाठी कायद्यात एक तक्ता आहे. त्यातल्या आकड्याला गुणक म्हणू. माणूस जितका तरुण तितका गुणक मोठा, कारण त्याची कमावण्याची जास्त वर्षं बुडाली. पंचविशीत तो २१६.९१ असतो, तिशीत २०७.९८ आणि पन्नाशीत १५३.०९.

मृत्यू झाला तर पगाराचा निम्मा भाग गुणिले गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. पगार कितीही असला तरी हिशेबात तो जास्तीत जास्त १५,००० रुपये धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे, त्याआधी ती ८,००० होती.

आता ३० वर्षांचा, १५,००० पगाराचा एक प्रेस ऑपरेटर, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या मशीनवरचा माणूस, घ्या. त्याचा मृत्यू झाला तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. अपंगत्वाची रक्कम मृत्यूपेक्षा जास्त का, असा प्रश्न अनेकांना पडतो. अधू झालेला माणूस कमवत नाही, पण त्याला जगायचं असतं आणि त्याला सांभाळायलाही कुणीतरी लागतं, हे त्याचं उत्तर.

बहुतेक अपघात या दोन टोकांच्या मधले असतात. पॉवर प्रेसवर ते रोज घडण्याची शक्यता असते. पत्रा सरकवताना हात डायखाली राहतो, पाय पेडलवर पडतो आणि अंगठा जातो. अशा दुखापतींसाठी परिशिष्टात टक्के ठरलेले आहेत. एका हाताचा अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात, पूर्ण तर्जनीला १४ टक्के, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४० टक्के. म्हणजे आपल्या ऑपरेटरच्या अंगठ्याचे १८,७१,८२० च्या ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये होतात. शेडमध्ये अशा प्रसंगी सहसा दवाखान्याचं बिल आणि वर वीस-तीस हजार दिले जातात आणि "मालकाने खूप केलं" असं बोललं जातं. त्या वीस-तीस हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

हे टक्केही शेवटचा शब्द नाहीत. माणसाचं काम काय होतं हे बघितलं जातं. सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना पडून एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे, असं मालकाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ते मानलं नाही. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्या माणसापुरतं ते पूर्ण अपंगत्वच, असा निकाल लागला. हा निकाल आजही वापरला जातो.

तात्पुरतं अपंगत्व असेल, म्हणजे हात मोडला आणि तीन महिन्यांनी बरा झाला, तर दर पंधरवड्याला मासिक पगाराचा चौथा हिस्सा द्यायचा. महिन्याला निम्मा पगार. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा आणि तो भरपाईतून वळता करून घेता येत नाही. व्यावसायिक आजारही, उदाहरणार्थ दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, याच कायद्यात अपघातासारखे धरले जातात. तो सिद्ध करणं जास्त कठीण असतं, ही गोष्ट वेगळी.

## मग विमा सक्तीचा आहे का?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. ब्रिटनसारख्या देशांत मालकाला असा विमा घ्यावाच लागतो. तिकडचा कायदा १९६९ चा आहे. आपल्या १९२३ च्या कायद्याने मात्र भरपाई सक्तीची केली, विमा नाही. पैसे कुठून आणायचे ते मालकाने बघावं, एवढंच त्याने म्हटलं.

गाडीच्या थर्ड पार्टी विम्याशी तुलना केली तर हे पटकन लक्षात येतं. गाडीने कुणाला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी मालकाचीच असते, विमा कंपनी फक्त त्याच्या वतीने पैसे भरते. तो विमा सक्तीचा केला कारण धडक बसलेल्याला मालकाच्या खिशावर अवलंबून राहायला लागू नये. कारखान्यातल्या कामगाराच्या बाबतीत जबाबदारी अगदी तशीच आहे, पण पैसे नक्की असतील याची हमी कायद्याने घेतलेली नाही. माझ्या मते ही या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे. कोर्टाचा हुकूम हातात आहे, पण मालकाने शेड बंद केलेली आहे, भाड्याची जागा सोडलेली आहे, मशीन बँकेकडे गहाण आहे. अशा वेळी विधवेने काय करायचं?

सक्ती दोन ठिकाणी आहे. एक, व्यावसायिक वाहनांवरचे चालक आणि इतर काही कामगार. त्यांच्यासाठी या भरपाईपुरतं संरक्षण मोटार विम्यातच घ्यावं लागतं. दुसरं म्हणजे ईएसआय.

## "आम्ही ईएसआय भरतो, मग झालं की"

कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, सर्वसाधारणपणे १० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होते. मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. कामगार ईएसआयमध्ये असेल तर अपघाताची भरपाई ईएसआय महामंडळ देतं आणि मालकावरची भरपाई कायद्याची जबाबदारी उतरते. एकाच अपघाताचे दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. ईएसआयचा फायदा बऱ्याच बाबतीत चांगलाही आहे. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात आणि मृत्यूनंतर अवलंबितांना एकरकमी पैशांऐवजी दरमहा पैसे मिळत राहतात.

पण पळवाट सापडली असं समजू नका, कारण ईएसआयला पगाराची मर्यादा आहे: महिन्याला २१,००० रुपये, अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००. तुमच्या शेडमधले बारा हेल्पर ईएसआयमध्ये असतील, पण २६,००० घेणारा अनुभवी वेल्डर किंवा मेंटेनन्सवाला त्यात नसेल. त्याला काही झालं तर भरपाईची सगळी जबाबदारी थेट तुमच्यावर. सगळ्यात धोक्याची कामं बरेचदा हीच माणसं करतात, आणि नेमकी तीच कोणत्याही छत्राखाली नसतात. ईएसआय भरणाऱ्या मालकाने वर्षातून एकदा तरी पगारपत्रक काढून २१,००० च्या वरच्या प्रत्येक नावासमोर "याचं काय?" असं लिहून बघावं.

दुसरा प्रकार म्हणजे माणसं चौदा आणि ईएसआयला दाखवलेली आठ. लपवलेल्या माणसाला अपघात झाला की महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणजे वाचवलेले ३.२५ टक्के एका दिवसात परत जातात, आणि त्याच्या कितीतरी पट जास्त.

## "पण चूक त्याचीच होती"

ही तक्रार खरीही असते. गार्ड, म्हणजे मशीनवरचं सुरक्षेचं आवरण, काढून प्रेस चालवला, बेल्ट न लावता चढला, पिऊन आला. कायद्याने याचा विचार केला आहे, पण मालक समजतात तसा नाही.

दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, सुरक्षेसाठी लावलेलं साधन जाणूनबुजून काढणं, या तीन कारणांनी अपघात झाला असेल तर भरपाई नाकारता येते. मात्र मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर या तिन्ही सबबी चालत नाहीत. ज्या अपघातांत लाखांची गोष्ट असते, तिथे कामगाराची चूक काढून उपयोग नाही. अंगठ्यासारख्या दुखापतीत सबब चालू शकते, पण नियम स्पष्ट सांगितला होता आणि तो मुद्दाम मोडला, हे मालकाने सिद्ध करायचं. प्रत्यक्षात गार्ड कोण काढतो? दिवसाचे नग वाढावेत म्हणून सुपरवायझरच काढायला लावतो, हे शॉपफ्लोअरवर सगळ्यांना माहीत असतं. कोर्टातही ते बाहेर येतं.

साधी बेपर्वाई, घाई, दमणूक यांना तर सबब म्हणून काहीच किंमत नाही. दहा तास एकाच मशीनवर उभा असलेला माणूस चुकणारच, हे गृहीत धरूनच हा कायदा केलेला आहे.

कामावर हृदयविकाराचा झटका आला तर? तो आपोआप 'अपघात' होत नाही. कामाच्या ताणाने किंवा श्रमाने तो आला, हा संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. तो दाखवता आला तर भरपाई मिळते.

## "माणूस माझा नाही, ठेकेदाराचा आहे"

तुमच्या धंद्याचंच काम तुम्ही ठेकेदाराला दिलं असेल, तर त्याच्या माणसाला झालेल्या अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागता येते. कामगाराने ठेकेदाराला शोधत बसायचं नाही. तुम्ही पैसे भरायचे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचे. इमारत बांधणाऱ्या बिल्डरने प्लास्टरचा ठेका दिला तर तो यात येतो. स्वतःचं घर रंगवायला ठेकेदार लावणारा माणूस सहसा येत नाही, कारण घर रंगवणं हा त्याचा धंदा नाही.

म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या गेटवर ठेकेदाराला आधी 'डब्ल्यूसी पॉलिसी', म्हणजे या भरपाईसाठीचा विमा, मागतात, ती दिली तरच गेटपास बनतो. हे पूर्वीच्या 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन' नावाचं लघुरूप. कायद्याचं नाव २०१० मध्ये बदललं, पण सगळे अजून डब्ल्यूसीच म्हणतात. कंपनीतला माणूस पॉलिसीचं पहिलं पान बघतो, तारीख बघतो आणि फाइलला लावतो. आतलं पान कोणी बघत नाही. पॉलिसी दहा माणसांची असते आणि साइटवर पंचवीस असतात. कामाचा प्रकार 'साधी मजुरी' लिहिलेला असतो आणि माणसं सहाव्या मजल्यावर परांचीवर असतात. साइट पुण्याची लिहिलेली असते आणि काम रांजणगावला चाललेलं असतं. दावा आला की विमा कंपनी हीच पानं काढते.

## पॉलिसी घेतली, पण ती नेमकी कसली?

डब्ल्यूसी पॉलिसीचा हप्ता दोन गोष्टींवर ठरतो: वर्षभरात तुम्ही किती पगार वाटणार आणि काम किती धोक्याचं आहे. ऑफिसमधल्या कारकुनाचा दर आणि उंचीवरच्या वेल्डरचा दर वेगळा. त्यामुळे हप्ता वाचवायचे दोनच सोपे रस्ते दिसतात: पगार कमी दाखवणं आणि काम हलकं दाखवणं. दोन्हींनी हप्त्यात थोडे पैसे वाचतात, पण दाव्याच्या दिवशी पॉलिसी अर्धवट होते किंवा उपयोगाची राहत नाही. विमा कंपनीने हात वर केले तरी मालकाची जबाबदारी कमी होत नाही. कामगाराचा हक्क मालकावर आहे. पॉलिसी हा मालक आणि कंपनी यांच्यातला करार आहे.

"आमची ग्रुप अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी आहे" असं बरेच जण सांगतात. ती चांगली गोष्ट आहे, पण ती वेगळी आहे. त्यात ठरावीक रक्कम मिळते. कायद्याच्या सूत्राने येणारी जबाबदारी तिने फिटत नाही. पाच लाखांची ग्रुप पॉलिसी असलेल्या मालकाला मृत्यूच्या प्रकरणात पंधरा लाखांचा हुकूम होऊ शकतो. आरोग्य विमा तर मुळातच फक्त दवाखान्याचा.

घेताना एजंटला चार गोष्टी विचाराव्यात. उपचाराचा खर्च किती रकमेपर्यंत धरला आहे? ठेकेदारांची माणसं त्यात आहेत का? व्यावसायिक आजार आहेत का? आणि उशीर झाला तर लागणारं व्याज कंपनी भरणार का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि त्यात सगळ्यात जास्त पैसे जातात.

कारण भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. वरच्या सुताराच्या निकालाने ते पक्कं केलं. एक महिन्याच्या आत भरली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. आपल्या ऑपरेटरचा मृत्यू झाला आणि मालकाने दोन वर्षं "बघू, कोर्ट काय म्हणतंय" असं केलं, तर १५,५९,८५० वर ३,७४,३६४ व्याज आणि ७,७९,९२५ पर्यंत दंड. सगळे मिळून २७ लाखांच्या वर. पॉलिसीत व्याज वगळलेलं असेल तर ते मालकाच्या खिशातून जातं. दंड तर मालकाच्या स्वतःच्या कसुरीचा म्हणून त्याच्यावरच बसतो. रकमेबद्दल वाद असेल तर जेवढी मान्य आहे तेवढी तरी लगेच जमा करावी, असं कायदाच सांगतो. तसं केलं की दंडाचा प्रश्नही बराचसा सुटतो.

## "आम्ही आपसात मिटवलं"

गावाकडचा माणूस, लांबचा नातेवाईक, मध्ये कुणीतरी पुढारी. तेराव्याच्या आत दोन लाख दिले, शंभराच्या स्टँपवर "यापुढे काही मागणी नाही" असं लिहून अंगठा घेतला. मालकाला वाटतं, प्रकरण मिटलं.

कायद्याच्या दृष्टीने ते मिटलेलं नसतं. आपला हक्क सोडल्याचा किंवा कमी केल्याचा असा करार मुळातच रद्द समजला जातो. शिवाय मृत्यूच्या प्रकरणात भरपाई वारसांच्या हातात द्यायचीच नसते. ती आयुक्तांकडे, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा करायची आणि वाटप त्यांनी करायचं. थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत, अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढ्या उचलीचा. हा नियम मालकाला जाचक वाटतो, पण त्यामागचा अनुभव कडू आहे. हातात दिलेले पैसे दीर किंवा सासरा घेऊन जातो आणि बायको-मुलांच्या वाट्याला काही उरत नाही. आयुक्त विधवेचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईवडिलांचा वाटा वेगळा काढतात आणि अल्पवयीन मुलांची रक्कम गुंतवून ठेवायला लावू शकतात.

माणुसकीच्या नात्याने मालकाने आपलं म्हणून काही दिलं तर जरूर द्यावं. ते भरपाईच्या जागी दिलं असं समजू नये, एवढंच.

## घरून निघाल्यावर वाटेत काही झालं तर

यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात महत्त्वाचा निकाल आला. साखर कारखान्यावरचा रखवालदार, पाळी पहाटे ३ ते ११. एप्रिल २००३ मध्ये मोटारसायकलवरून कामावर जाताना, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर त्याचा अपघाती मृत्यू झाला. खालच्या प्राधिकाऱ्याने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिली. एवढ्या रात्री तो घराबाहेर पडला तो केवळ कामावर वेळेत पोहोचायला, हा संबंध न्यायालयाने मानला. ३,२६,१४० रुपयांसाठी त्या कुटुंबाला बावीस वर्षं लागली, हे वाचून वाईट वाटतं.

नव्या संहितेत ही गोष्ट आता स्पष्ट लिहिलेली आहे. घर आणि कामाचं ठिकाण यांच्यातला प्रवास, जाताना किंवा येताना, कामाशी जोडलेला धरला जाईल. अट एकच: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. पाळी संपल्यावर मित्राच्या लग्नाला जाताना झालेला अपघात त्यात बसणार नाही. रात्रपाळी असणाऱ्या मालकांनी पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रवासाचा मुद्दा विचारून घ्यावा. वाटेत दुसऱ्या वाहनाने धडक दिली असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचं की इकडे, हे कुटुंबाने ठरवायचं. दोन्हीकडे मागता येत नाही, आणि मोटार कायद्यात १५,००० ची पगारमर्यादा नाही, हे निवडताना ध्यानात ठेवावं.

अ‍ॅपवरून जेवण किंवा सामान पोहोचवणाऱ्या मुलांचं काय, हाही प्रश्न येतो. संहितेने त्यांना 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगार म्हणून ओळख दिली आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के एका निधीत भरावेत, असं म्हटलं आहे. पण त्यांना मिळणारं संरक्षण त्या निधीतून निघणाऱ्या योजनांवर ठरेल. इथे सांगितलेली सूत्राची भरपाई त्यांना आपोआप लागू होत नाही.

## अपघात झालाच, तर कोणी काय करायचं

मालकाने सगळ्यात आधी उपचार करायचे आणि खर्च उचलायचा. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर सात दिवसांच्या आत लेखी अहवाल द्यायचा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवायचं, कारण उशिरा कळवणं ही दावा अडवायची नेहमीची सबब आहे. माणूस कामावर ठेवताना त्याला भरपाईचा हक्क त्याला समजेल अशा भाषेत सांगणं, हे २०१७ पासून मालकाचं कर्तव्य आहे. नेमणूकपत्रातच एक परिच्छेद घातला की काम होतं.

कुटुंबाने पगाराचा पुरावा जमवायचा. मस्टरवर नाव नसेल तर बँकेतल्या जमा, मोबाइलवरचे मालकाचे मेसेज, हजेरीचे फोटो, सोबतच्या कामगारांची नावं, पोलिसांचा पंचनामा. जखमी माणूस असेल तर अपंगत्वाच्या टक्क्यांचा डॉक्टरी दाखला. दावा अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करायचा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. पूर्वीचे आयुक्त, आता संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकारी, हे दावे ऐकतात. वकीलच लागतो असं नाही, नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो. मालकाने हुकूम होऊनही पैसे भरले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करता येतात. मालकाला उच्च न्यायालयात अपील करायचं असेल तर आधी हुकुमाची रक्कम जमा करावी लागते.

आणि दावा अपघात झाला त्याच शहरात करावा लागतो, हा समज चुकीचा आहे. कुटुंब जिथे राहतं तिथेही तो करता येतो. बीडहून चाकणला गेलेल्या माणसाच्या बायकोला दर तारखेला पुण्याची एसटी धरायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात अर्ज देता येतो आणि मालकाला तिथे यावं लागतं.